टस्कनीत सायकलवर चार दिवस: आधी चढ मोजा, मग किलोमीटर

इटलीतल्या टस्कनीला सायकल घेऊन निघालेल्यांचे बेत अधूनमधून माझ्याकडे येतात, 'एकदा नजर टाक' म्हणून. बहुतेक बेत एकाच ठिकाणी फसलेले असतात. सिएनाहून मोंतालचीनो 40 किलोमीटर, तिथून पिएन्त्सा 24, संध्याकाळपर्यंत मोंतेपुल्चानो आणखी 14. बेरीज 78. 'एवढं तर आम्ही रविवारी नाश्त्याआधी करतो,' अशी खाली टीपही असते.

या भागातली जुनी गावं टेकडीच्या माथ्यावर वसलेली आहेत. तीन गावं म्हणजे तीन टेकड्या, आणि दोन टेकड्यांच्या मध्ये मिळवलेली सगळी उंची खाली दरीत टाकून द्यायची. शिवाय मुक्काम गावात असेल, तर दिवसाचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर हमखास चढाचे. म्हणून इथली आखणी किलोमीटरवरून करताच येत नाही. खाली सिएनाच्या दक्षिणेकडचा, क्रेते सेनेझी आणि वाल दोर्चा या दोन भागांतून जाणारा चार दिवसांचा रस्ता घेतला आहे. तारखा बदला, गावं बदला, पण कामांचा क्रम बदलू नका.

## टप्पा 1: चढाचा हिशोब कागदावर मांडा

आधी गावांच्या उंच्या लिहून काढा. सिएना सुमारे 320 मीटर, अशानो 200, ब्वॉनकॉन्वेन्तो 150, मोंतालचीनो 565, सान क्विरिको दोर्चा 410, पिएन्त्सा 490, मोंतेपुल्चानो 605. दोन गावांच्या उंचीतला फरक हा चढाचा किमान आकडा. प्रत्यक्षात मधल्या खालीवर होणाऱ्या रस्त्यामुळे तो बराच वाढतो. खरा आकडा कोमूट, स्ट्राव्हा किंवा राइड विथ जीपीएस यांपैकी एका ॲपवर मार्ग आखला की कळतो.

आता वेळ. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून 85 किलो धरू. पायांतून सलग 150 वॉट निघतात असं मानलं, आणि हौशी माणसाला दिवसभर तेवढे निघाले तरी चांगलं म्हणायचं, तर 100 मीटर उंची चढायला नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सव्वानऊ मिनिटं लागतात. टायरचं घर्षण आणि वारा धरून 10 मिनिटं म्हणा. म्हणजे हिशोब असा: सपाटीचा वेळ ताशी 20 च्या वेगाने काढा आणि दर 100 मीटर चढामागे 10 मिनिटं वाढवा. 50 किलोमीटर आणि 900 मीटर चढ असेल तर अडीच तास अधिक दीड तास, चार तास नुसते पायडलवर. उतारावर यातला थोडा वेळ परत मिळतो, पण फोटो, पाणी आणि रस्ता शोधणं यांत तो जातोच.

*तपासा:* कुठल्याही दिवसाचा पायडलवरचा वेळ पाच तासांच्या वर जात असेल तर एक गाव कापा. दोन दिवस सलग साडेचार तासांचे आले, तर तिसरा अर्धा ठेवा.

## टप्पा 2: हंगाम आणि तारखा

एप्रिल ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 35 च्या वर सहज जातो आणि क्रेते सेनेझीत झाडाची सावली जवळपास नाही. 'आपल्याला उन्हाची सवय आहे' हे बसून राहणाऱ्यासाठी ठीक. दुपारी एक वाजता दहा टक्क्यांच्या चढावर ती सवय कामाला येत नाही.

काही तारखा मुद्दाम टाळा. 2 जुलै आणि 16 ऑगस्टला सिएनात पालिओची घोड्यांची शर्यत असते, त्याच्या आगेमागे खोली मिळणं कठीण. 15 ऑगस्टच्या आसपास अख्खा देश सुट्टीवर असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी गायोले इन कियांतीला जुन्या सायकलींची लेरोइका ही सफर भरते, तेव्हा भाड्याच्या सायकलींची ओढाताण होते. मार्चच्या सुरुवातीला स्त्रादे बियांके ही व्यावसायिक शर्यत असते, ती बघायला जायचं असेल तर उत्तमच, पण तेव्हा हवा भरवशाची नसते.

## टप्पा 3: आरक्षणाचा क्रम

बहुतेक जण आधी विमानाचं तिकीट काढतात, मग फोटो बघून छानसं शेतघर ठरवतात आणि सायकलीकडे शेवटी वळतात. हा क्रम उलटा करा.

1. सायकल. तुमच्या मापाची सायकल त्या तारखांना आहे का, हे आधी विचारा. बुटक्या चणीच्या माणसांना, विशेषतः बायकांना लागणाऱ्या लहान फ्रेम दुकानात मोजक्याच असतात. उंची आणि पायाची आतली लांबी सेंटीमीटरमध्ये कळवा.
2. मुक्काम. दोन गोष्टी बघा. पहिली, सायकल रात्री कुलूपबंद जागेत ठेवता येते का. दुसरी, घर डांबरी रस्त्यावर आहे का. ज्यांना आग्रितुरिस्मो म्हणतात ती शेतघरं पुष्कळदा मुख्य रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत, खडीच्या रस्त्यावर असतात. दमून आल्यावर ते अंतर आणि तो चढ दोन्ही जड जातात, आणि रात्री जेवायला गावात जायचं म्हटलं की पुन्हा तेच.
3. विमान, व्हिसा, विमा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावा लागतो. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा लागतो. पॉलिसीत सायकलिंग वगळलं आहे का, ते बारीक अक्षरांत वाचा.

पिएन्त्सात दोन रात्री घ्या. एक दिवस सामान खोलीवर टाकून हलक्या सायकलीने फिरता येतं आणि पायांना ते कळतं.

स्वतःची सायकल खोक्यात घालून न्यावी का? आठवड्याच्या आतली सफर असेल तर माझं मत नको असं आहे. खोकं ठेवायला जागा शोधा, गाडीत चढवा-उतरवा, विमानात डिरेलरचा हँगर (मागचे गिअर बदलणारा भाग धरून ठेवणारी पट्टी) वाकला तर पहिला दिवस गेला. फक्त स्वतःचे पायडल, बूट, हेल्मेट आणि जमलं तर सीट घेऊन जा. पायडल बसवताना-काढताना लक्षात असू द्या, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. बूट डोंगरी सायकलीचे, क्लीट (पायडलमध्ये अडकणारी तळव्याची खूण) आत दबलेली असे घ्या. गावांतल्या फरशा चढ्या आणि गुळगुळीत आहेत, रोड सायकलीच्या बुटांनी तिथे चालणं म्हणजे घसरणंच.

## टप्पा 4: गिअर आणि टायर

मेल पाठवून सायकल ठरवताना दुकानाला हे दोनच प्रश्न विचारा: मागची सर्वांत मोठी चक्री किती दात्यांची आहे आणि टायर किती रुंद आहे.

टप्पा 1 मधला हिशोब पुढे नेऊ. दहा टक्क्यांच्या चढावर 10 मिनिटांत 100 मीटर उंची म्हणजे 1 किलोमीटर रस्ता, ताशी 6 किलोमीटर. पुढे 34 आणि मागे 34 दात्यांची चक्री असेल तर या वेगाला पाय मिनिटाला साधारण 48 वेळा फिरतात. हेही जडच आहे, पण निभतं. मागे 28 ची असेल तर फेरे 39 वर येतात. तिथे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जोर येतो, आणि तिसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो. म्हणून मागे किमान 32, शक्यतो 34. पुढे 50 आणि 34 दात्यांच्या दोन चक्र्यांचा जोड बहुतेक भाड्याच्या सायकलींना असतोच. 'मी घरी 28 वर सिंहगड चढतो' हा युक्तिवाद इथे चालत नाही, का ते पुढच्या टप्प्यात.

टायर 28 मिलिमीटरच्या खाली नको. पांढऱ्या, म्हणजे खडी-मातीच्या, रस्त्यांवर जाणार असाल तर 32 किंवा त्याहून रुंद.

*तपासा, दुकानातून निघण्यापूर्वी:* कुठला ब्रेक कुठल्या चाकाचा आहे ते चाक उचलून बघा. आपल्या सवयीपेक्षा उलटं असू शकतं. घंटी आहे का? ती इटलीत सक्तीची आहे. पुढचा-मागचा दिवा, दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर हातात घेऊन बघा. सर्वांत हलका गिअर टाकून पायडल फिरवा: चेन स्पोकमध्ये तर पडत नाही ना? हे दुकानासमोर दोन मिनिटांत कळतं. चढावर कळलं तर चाकाचं भजं होतं.

## टप्पा 5: घरची तयारी

पुण्या-मुंबईकडचा सराव बहुतेक एका लांब घाटाचा असतो. सिंहगड, पसरणी, ताम्हिणी. सुरुवातीला लय पकडायची, ती धरून माथा गाठायचा, संपलं. टस्कनीत असा एक घाट क्वचित मिळतो. तिथे एक ते चार किलोमीटरचे चढ एकामागून एक येतात, मध्येच दोनशे मीटरचा बारा टक्क्यांचा तुकडा, लगेच उतार, पुन्हा चढ. लय लागतच नाही. जो पहिल्या तीन चढांवर जोर दाखवतो, तो आठव्यावर सायकल हातात धरून चालत असतो.

म्हणून सराव असा करा. जवळचा एखादा एक-दीड किलोमीटरचा चढ निवडा आणि तो आठ वेळा करा, प्रत्येक वेळी पूर्ण खाली येऊन. पहिल्या आणि आठव्या फेरीच्या वेळेत फार फरक पडला नाही तर तुम्ही तयार आहात. आठवी फेरी निम्म्या वेगाने झाली, तर पहिल्या तीन फेऱ्या चुकल्या. सहा-आठ आठवडे, आठवड्यातून एकदा एवढं पुरतं. एखाद्या शनिवार-रविवारी सलग दोन दिवस चढाचे करा, कारण खरी परीक्षा दुसऱ्या सकाळची असते.

## टप्पा 6: मार्ग आखताना

गाडीसाठीच्या नकाशावर मार्ग काढू नका. फिरेन्त्से (फ्लॉरेन्स)-सिएना आणि सिएना-बेत्तोल्ले हे जलद रस्ते सायकलला बंद आहेत, आणि सिएनाच्या बाहेर पडताना पाट्या तुम्हाला नेमक्या तिकडेच ढकलतात. हिरव्या पाटीचा रस्ता म्हणजे आउतोस्त्रादा, तिथे सायकलला मनाई. पण निळ्या पाटीचा प्रत्येक रस्ता मोकळा असतो असंही नाही. निळ्या चौकोनात पांढरी मोटार दिसली की तो फक्त मोटारींचा, थांबा आणि मागे फिरा.

आखून झालेला मार्ग उपग्रहाच्या चित्रावर एकदा बोटाने चालून बघा. रस्ता करडा दिसला तर डांबरी, पांढरा दिसला तर खडीचा. सायकलचं ॲप छोटा रस्ता म्हणून मजेत पांढऱ्यावर घालतं. त्या भागात तपकिरी पाट्यांचा लेरोइकाचा कायमचा मार्गही आहे, 200 किलोमीटरहून थोडा जास्त. तो मोंतालचीनो, ब्वॉनकॉन्वेन्तो, अशानो या गावांजवळून जातो. पाटी दिसली म्हणून मागे लागलात तर ती तुम्हाला खडीवर नेणारच, ती त्यासाठीच आहे.

मार्गाची जीपीएक्स फाइल सायकल कॉम्प्युटरवर आणि फोनवर, दोन्हीकडे उतरवून ठेवा. दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं. चालवताना फोन हातात धरणं बेकायदा आहे.

या पाट्या ओळखता आल्या पाहिजेत: 'स्त्रादा क्यूझा' म्हणजे रस्ता बंद, 'सेन्झा उशीता' म्हणजे पुढे वाट नाही, 'फ्राना' म्हणजे दरड. दरडीची पाटी असली तरी सायकल निघून जाईल, असा विचार करून पाच किलोमीटर उतरू नका. बंद निघाला तर ते पाच किलोमीटर परत चढायचे आहेत.

## टप्पा 7: उजवी बाजू

डावीकडून चालवणाऱ्या देशातून आलेल्याला खरा धोका रहदारीत नसतो. रहदारीत पुढच्याच्या मागे आपण आपोआप बरोबर जातो. धोका रिकाम्या रस्त्यावर असतो. फोटोसाठी थांबलात, पाणी प्यायलात, शेतघराच्या फाटकातून निघालात, समोर-मागे कुणी नाही, आणि हात सवयीने डावीकडे वळतात. पुढच्या वळणावर समोरून गाडी.

यावर उपाय एकच: थांबायचं ते नेहमी उजव्या कडेला, सायकलचं तोंड जायच्या दिशेला ठेवून. सुंदर दृश्य डावीकडे असलं तरी उजवीकडेच थांबा आणि चालत पलीकडे जा. हँडलच्या डाव्या टोकाला छोटा आरसा लावा, कारण मागची गाडी आता डाव्या खांद्यावरून बघायची आहे.

चौकातल्या गोल चक्रात घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरायचं, आधीपासून आत असलेल्याला वाट द्यायची. पाटी नसलेल्या नाक्यावर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. डावीकडे वळणं हे सर्वांत अवघड. मोठ्या रस्त्यावर असाल तर उजव्या कडेला उतरा, दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या की ओलांडा.

गावाबाहेर एकामागे एक चालवा, जोडीने गप्पा मारत नाही. तो नियम आहे. बोगद्यात, आणि अंधारात गावाबाहेर, चमकणारं जॅकेट अंगावर हवं. डिसेंबर 2024 पासून गाड्यांनी सायकलला ओलांडताना, रस्त्यावर शक्य असेल तिथे, दीड मीटर अंतर ठेवायचं आहे. त्या 'शक्य असेल तिथे'वर फार विसंबू नका.

*सावध:* पहिल्या दिवशी जेट लॅग असताना सायकल घेऊन थेट रस्त्यावर जाऊ नका. एक संध्याकाळ सिएनाच्या बाहेर शांत रस्त्यावर वीस मिनिटं नुसती डावी-उजवी वळणं घ्या.

## टप्पा 8: दिवसांची मांडणी

पहिला दिवस, सिएना ते ब्वॉनकॉन्वेन्तो, सुमारे 50 किलोमीटर. सगळ्यांत वाईट रस्ता पहिलाच आहे: सिएनातून खाली तावेर्ने दार्बियापर्यंतचा, ऑफिसला जाणाऱ्या गाड्यांचा. रविवारी सकाळी निघा, किंवा इतर दिवशी नऊनंतर. पुढे एसपी 438, लाउरेताना रस्ता लागतो. उघड्या मातीच्या टेकड्यांच्या कण्यावरून तो जातो. तावेर्ने दार्बिया सोडलं की अशानोपर्यंत वीसेक किलोमीटर नीटसं गाव नाही, सावली नाही, नळ नाही. दोन्ही बाटल्या भरूनच इथे शिरा. अशानोत जेवा. मग किउझूरेकडे दिवसाचा मोठा चढ, तो जेवण झाल्यावर येतो, म्हणून पोट तुडुंब भरू नका. चढ संपला की मोंते ओलिवेतो माज्जोरेचा मठ. मठ दुपारी बंद असतो, आणि गुडघे-खांदे झाकल्याशिवाय आत जाणं बरं दिसत नाही. पाठीच्या खिशात पातळ पायजमा मावतो. तिथून ब्वॉनकॉन्वेन्तोपर्यंत उतार. हे गाव मात्र खाली नदीकाठी आहे. टेकडीवर नसलेला मुक्काम पहिल्या रात्री मुद्दाम निवडला आहे.

दुसरा दिवस, मोंतालचीनोमार्गे पिएन्त्सा, 40 ते 45 किलोमीटर. 150 मीटरवरून 565 वर, सुमारे 14 किलोमीटरमध्ये. सरासरी काढली तर जेमतेम तीन टक्के येते आणि लोक खुशीत निघतात. पण सुरुवातीचा कासिया रस्त्याचा भाग सपाट आहे आणि मध्ये उतारही आहेत, म्हणजे उरलेल्या अंतरात चढ दाटून येतो. सकाळी आठच्या आत निघा. पहिली वीस मिनिटं हलक्या गिअरवर, बोलता येईल एवढ्याच जोराने.

मोंतालचीनोत ब्रुनेल्लो वाइनच्या दुकानांसमोर मोह होतो. मद्याची, लिटरभर रक्तामागे 0.5 ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, आणि समोर नऊ किलोमीटरचा उतार आहे. बाटली घरी पाठवायची सोय करणारी दुकानं आहेत, तसं करा. सांत आंतिमोचा मठ इथून जवळ, खाली दरीत आहे. तिकडे उतरण्याचा मोह झाला तर परतीचा चढ टप्पा 1 च्या हिशोबात घाला, जवळजवळ एक तास जादा धरा.

पुढे तोर्रेनिएरीपर्यंत उतार, सान क्विरिकोपर्यंत चढ, आणि पिएन्त्सापर्यंत शेवटचे 10 किलोमीटर खालीवर. नकाशावर किरकोळ दिसणारे हे 10 किलोमीटर बहुतेकांना दिवसातले सर्वांत लांब वाटतात. शिवाय याच पट्ट्यात भाड्याच्या मोटारी फोटोसाठी अचानक कडेला थांबतात आणि दार उघडतं. त्यांच्यापासून एक हात जास्त अंतर ठेवा.

तिसरा दिवस, सामानाविना दक्षिणेकडे. पिएन्त्साहून सान क्विरिको, बान्यो विन्योनी, आणि जोर असेल तर पुढे कास्तिल्योने दोर्चा. बान्यो विन्योनीला चौकातच गरम पाण्याचं जुनं कुंड आहे. त्यात उतरायला मनाई आहे, पायसुद्धा बुडवायचे नाहीत. कास्तिल्योनेचा चढ सुमारे पाच किलोमीटर आणि 230-240 मीटरचा. पाय जड असतील तर बान्यो विन्योनीवरूनच मागे फिरा, कुणी विचारणार नाही.

चौथा दिवस, मोंतेपुल्चानोमार्गे किउझीचं स्टेशन, 35 ते 40 किलोमीटर. मोंतेपुल्चानोत खालच्या वेशीपासून वरच्या चौकापर्यंतचा मुख्य रस्ता दगडी, चढा आणि माणसांनी भरलेला असतो. सायकलवरून उतरा. मग कियान्चानो तेर्मेमार्गे किउझी. स्टेशन खालच्या वस्तीत आहे, टेकडीवरच्या जुन्या गावात चढू नका.

*सावध:* मोंतेपुल्चानो नावाचं रेल्वे स्टेशन गावात नाही. ते खाली दरीत, दहाएक किलोमीटर लांब आहे. 'इथूनच गाडी धरू' म्हणून बरेच जण फसतात.

## टप्पा 9: पांढऱ्या रस्त्यावर उतरायचं असेल तर

कोरड्या हवेत स्त्रादे बियांके, म्हणजे खडी-मातीचे पांढरे रस्ते, 32 च्या टायरवर आरामात होतात. हवा थोडी कमी करा. गाड्यांच्या चाकांनी दाबलेल्या पट्ट्यातून चालवा, मधला उंचवटा आणि कडेची सुटी खडी टाळा. चढावर सीटवरून उठलात की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसूनच, हलक्या गिअरवर चढा. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. वळणाच्या तोंडाशी रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झालेला असतो, तिथे हँडल घट्ट आवळू नका, कोपर सैल ठेवा.

पाऊस पडून गेला असेल तर जाऊच नका. इथली माती चिकण आहे. ती टायरला गुंडाळते, फ्रेम आणि चाकाच्या फटीत भरते, आणि थोड्याच वेळात चाक फिरायचं थांबतं.

मेंढ्यांच्या कळपाजवळ पांढरे, मोठे राखणदार कुत्रे असतात. ते अंगावर आले तर पळवू नका सायकल. उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, हळू बोला आणि कळपापासून लांब सरका. कळप रस्त्यात असेल तर मेंढपाळ येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

## टप्पा 10: पाणी, जेवण, घड्याळ

गावातल्या चौकातला नळ बहुतेक वेळा पिण्याचा असतो. 'आक्वा पोताबिले' दिसलं की भरा, 'नॉन पोताबिले' दिसलं की तोंड धुवा.

दुकानं दुपारी साधारण एक ते चार बंद. उपाहारगृहाचं स्वयंपाकघर अडीचच्या सुमारास बंद होतं आणि मग संध्याकाळी साडेसातपर्यंत काही शिजत नाही. आपल्याकडच्यासारखा कुठेही, कधीही वडापाव नाही. साडेबारालाच जेवायला बसा, आणि सकाळीच दुकानातून केळी, ब्रेड, चीज घेऊन खिशात ठेवा.

टस्कनीचा पारंपरिक ब्रेड अळणी असतो, त्यात मीठ घालत नाहीत. घाम गाळणाऱ्याला हे महाग पडतं. ब्रेडबरोबर ऑलिव्ह किंवा पिएन्त्साचं पेकोरिनो चीज खा, बाटलीत मिठाची पूड टाका. शाकाहारी असाल तर लसूण-टोमॅटोतली पीची आल्लाल्योने (जाड पास्ता) मागा. रिबोल्लिता हे भाज्यांचं दाट सूप बिनमांसाचं वाटतं, पण मांसाचं पाणी किंवा डुकराचं मांस घातलं आहे का ते विचारून घ्या. पेकोरिनोत सहसा वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं विरजण असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी ऑलिव्हवर भागवा.

## टप्पा 11: गाडीने परत

किउझीहून सिएनाला प्रादेशिक गाडीने परतता येतं. वेळापत्रकात ज्या गाडीपुढे सायकलचं चिन्ह आहे तीच पकडा. सायकलचं वेगळं तिकीट काढा. कागदी तिकिटावर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारा, फोनवरच्या तिकिटाचं चेक-इन करा. जलद फ्रेच्चारोसा गाड्यांत जोडलेली सायकल घेत नाहीत. रविवारी गाड्या कमी असतात, म्हणून चौथा दिवस रविवारी येणार असेल तर वेळापत्रक आधीच बघून ठेवा.

आदल्या रात्री 'शोपेरो', म्हणजे संप, जाहीर झाला आहे का तेही बघा. संप कामाच्या दिवशी असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालतात. त्यांपैकीच एक धरा. अडचण आली तर मध्येच माघार घ्यायला अशानो आणि ब्वॉनकॉन्वेन्तो या दोन्ही गावांत स्टेशन आहे. पिएन्त्साला नाही, त्यामुळे तिथे गुडघा गेला तर टॅक्सीच. अपघात झाला तर 112.

सिएनाचं स्टेशन शहराच्या खाली आहे. सायकल दुकानात परत करायची वेळ संध्याकाळची असेल, तर स्टेशनपासून वर चढायची वीस-पंचवीस मिनिटं त्यात धरा, आणि दुकान रविवारी उघडं असतं का ते सायकल घेतानाच विचारून ठेवा.